नकोशा मालावरचा उद्योग

आढीत घातलेला आंबा ज्या वायूने पिकतो, त्याच वायूपासून प्लॅस्टिकची बादली बनते. त्याचे नाव इथिलीन. कार्बनचे दोन अणू, हायड्रोजनचे चार आणि मध्ये एक दुहेरी बंध. हा बंध उघडला की रेणूला रेणू जोडत हवी तेवढी लांब साखळी तयार होते. आंब्याला ते नखभर पुरते आणि तो ते स्वतःच बनवतो. कारखान्याला हजारो टन लागते, आणि एवढे इथिलीन जमिनीखाली कुठे साठलेले सापडत नाही. दुसरे काहीतरी मोडून ते काढावे लागते. काय मोडायचे, या प्रश्नाला मुंबई आणि तिच्या आसपासच्या उद्योगाने गेल्या साठ-सत्तर वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली. पाठ्यपुस्तकात ती एकाखाली एक सुबक छापलेली असतात. प्रत्यक्षात मात्र ज्या काळी जो माल कोणालाच नको होता, तो या उद्योगाने उचलला. आणि त्या मालाला दुसरीकडे बरा भाव मिळू लागला की तो याच्या हातून गेला.

पन्नासच्या दशकात असा नकोसा माल म्हणजे मळी. साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणारा काळा, दाट, चिकट पाक. शंभर टन ऊस गाळला की चार-साडेचार टन मळी निघते. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, त्याच्या मागोमाग ऊसपट्ट्यात धुराडी उभी राहिली आणि साखरेबरोबर मळीही वाढली. थोडी गुरांच्या खाद्यात जाई, थोडी तंबाखूत. बाकीची टाक्यांत, आणि टाक्या भरल्या की खड्ड्यांत. खड्ड्यातली मळी आंबे, ओढ्याला लागली की पाणी नासे. मळी आंबवून तिचे अल्कोहोल करता येते हे साऱ्यांना ठाऊक होते. पण ते प्यायचे कोणी? मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता आणि मोरारजी देसाई तो मनापासून राबवत होते. केंद्राने १९४८ मध्ये पॉवर अल्कोहोलचा कायदा करून पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची वाट काढून ठेवली होती, पण रस्त्यावर मोटारीच मोजक्या. डिस्टिलरीला असे गिऱ्हाईक हवे होते, जे अल्कोहोल रोख पैसे देऊन नेईल आणि पिणार नाही.

रसायनांचा कारखाना हे तसे गिऱ्हाईक होते. अल्कोहोलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू काढून घेतला की उरते ते इथिलीन. अल्कोहोलची वाफ साडेतीनशे-चारशे अंश सेल्सियसला तापलेल्या अॅल्युमिनावरून नेली की काम होते. उत्पादन एकच, सोबत फक्त पाणी. लहानशा कारखान्यालाही झेपेल अशी ही रीत.

रीत भारतात जन्मलेली नव्हे. इंग्लंडमध्ये चेशायरमधल्या विनिंग्टन येथे २७ मार्च १९३३ रोजी आयसीआय कंपनीच्या रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांनी प्रचंड दाबाखाली इथिलीन ठेवून पाहिले, तेव्हा भांड्याच्या तळाशी चिमूटभर पांढरा मेणासारखा पदार्थ सापडला. पुन्हा करायला गेले तर स्फोट. शेवटी १९३५ मध्ये मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांना तो हमखास बनवता आला, आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी, हिटलरचे सैन्य पोलंडमध्ये शिरले त्याच दिवशी, पॉलिथिलीनचे नियमित उत्पादन सुरू झाले. रडारच्या तारांवरचे आवरण म्हणून ते युद्धात कामी आले. त्यासाठी लागणारे इथिलीन खनिज तेलातून आलेले नव्हते. ते मळीच्या अल्कोहोलमधून काढलेले होते. ज्या पदार्थाला आज आपण तेलाचे अपत्य म्हणून नावे ठेवतो, त्याचे बालपण उसाच्या घरी गेले आहे.

अमेरिकेत तर यावरून राजकारण पेटले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले आणि मलायाचे रबर जपानच्या ताब्यात गेले. रणगाडा असो की विमान, रबराविना हलत नाही. कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन लागते. ते तेलातून काढायचे की अल्कोहोलमधून? तेल कंपन्या म्हणत, तेलातून. आयोवाचे सिनेटर गाय जिलेट आणि मध्य-पश्चिमेतली शेतकऱ्यांची लॉबी म्हणत होती, कोठारे धान्याने फुगली आहेत, त्याचे अल्कोहोल करा. रूझवेल्ट यांनी बर्नार्ड बरूक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सप्टेंबर १९४२ मध्ये अहवाल आला आणि दोन्ही वाटा खुल्या राहिल्या. गंमत अशी की तेलवाल्यांचे कारखाने उभे राहायला वेळ लागला. १९४३ मध्ये अमेरिकेने जे ब्युटाडाइन बनवले, त्यातले बहुतेक अल्कोहोलचे होते. युद्ध संपले, तेल स्वस्त झाले आणि हे कारखाने एकेक करून मागे पडले.

अमेरिकेने टाकलेली ही वाट भारताने उचलली. १९५९ मध्ये आयसीआयच्या इथल्या कंपनीने कोलकात्याजवळ रिश्रा येथे अल्कोहोलवर चालणारा पॉलिथिलीनचा कारखाना सुरू केला. मुंबईच्या किलाचंद घराण्याने फायरस्टोनच्या सहकार्याने उत्तर प्रदेशात बरेलीजवळ ‘सिंथेटिक्स अँड केमिकल्स’ उभारली. १९६३ पासून तिथे मळीच्या अल्कोहोलपासून रबर निघू लागले. कोपरगावजवळच्या साकरवाडीत सोमय्यांनी अल्कोहोलपासून निरनिराळी रसायने बनवायचा उद्योग मांडला. परकीय चलन नाही, तेल बाहेरून आणायचे, आणि मळी दारात पडलेली. अशा देशाने दुसरे काय करायला हवे होते?

तरीही एक हिशेब मांडून पाहावा. एक टन इथिलीनला साधारण १.७ टन अल्कोहोल लागते, म्हणजे सव्वादोन हजार लिटरच्या आसपास. तेवढ्यासाठी नऊएक टन मळी. आणि तेवढी मळी निघायला दोनशे टन ऊस गाळावा लागतो, म्हणजे चांगल्या पिकाचे पाच-सहा एकर. साखर आधीच काढून घेतलेली असल्यामुळे हा ऊस फुकट गेला असे नाही. पण वर्षाला वीस हजार टन इथिलीन हवे असेल तर १,८०,००० टन मळी, ती वाहणारे टँकर, हंगामाबाहेर ती साठवणाऱ्या टाक्या, आणि पावसाने दगा दिला की सगळेच ठप्प.

मळी मुबलक असतानाच ट्रॉम्बेला दुसरा नकोसा माल तयार होऊ लागला होता. स्टॅन्डर्ड-व्हॅक्यूमची रिफायनरी १९५४ मध्ये सुरू झाली, तिच्या शेजारी बर्मा-शेलची १९५५ मध्ये. कच्चे तेल उकळून वेगळे केले की त्यातून काय निघावे हे ग्राहकाच्या हातात नसते. थोडे सगळेच निघते. भारताला हवे होते रॉकेल आणि डिझेल. कंदील, स्टोव्ह, ट्रक, आगगाड्या यांच्यावर देश चालत होता. पेट्रोलच्या जवळपासचा हलका भाग, म्हणजे नाफ्था, कोणाला नको होता, कारण मोटारी होत्या कुठे? तो मिळेल त्या भावाने परदेशी पाठवावा लागे. खतांचे कारखाने आणि पेट्रोकेमिकल उद्योग या दोघांची दृष्टी त्यावर पडली.

१९६६ मध्ये युनियन कार्बाइडने ट्रॉम्बेला भारतातला पहिला नाफ्था क्रॅकर सुरू केला. क्षमता वर्षाला २०,००० टन इथिलीन. आजच्या मानाने खेळणेच, पण देशातला पहिला. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, ठाणे-बेलापूर रस्त्यावर घणसोलीजवळ मफतलाल आणि शेल यांच्या ‘नोसिल’चा सुमारे ६०,००० टनांचा क्रॅकर पेटला. ‘पेटला’ हाच शब्द बरोबर, कारण क्रॅकर ही मुळात भट्टी असते. नाफ्थ्याची वाफ पाण्याच्या वाफेत मिसळून आठशे अंशांहून जास्त तापलेल्या नळ्यांतून सोडायची. आत सेकंदाचाही अवधी द्यायचा नाही. एवढ्यात लांब साखळ्या तुटून लहान रेणू होतात. आणखी क्षणभर ठेवले तर सगळ्याचा कोळसा होतो, म्हणून बाहेर पडताच झटक्याने थंड करायचे. पुढे खरी कसरत. निघालेला वायू दाबून, गोठवून, एकेक घटक वेगळा करायचा. इथिलीन उणे १०४ अंशाला उकळते. म्हणजे एका टोकाला भट्टी आणि दुसऱ्या टोकाला ध्रुवावरच्या थंडीहून कडक थंडी. जवळच्या गावांतल्या लोकांना यातले दिसे ते एवढेच, की चिमणीच्या टोकावर रात्रंदिवस ज्योत जळते.

मळी आणि नाफ्था यांच्यातला खरा फरक इथे लक्षात येतो. अल्कोहोल देते फक्त इथिलीन. नाफ्थ्यातून इथिलीन निघते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. बाकी प्रॉपिलीन, ब्युटाडाइन, बेन्झीन आणि जाळायचा वायू. या प्रत्येकाला गिऱ्हाईक शोधल्याशिवाय इथिलीनचा खर्च भरून निघत नाही. म्हणून क्रॅकर एकटा नांदत नाही. नोसिलने पीव्हीसी, ग्लायकोल, आयसोप्रॉपिल अल्कोहोल, अॅसिटोन अशी शाखा-उपशाखांची उत्पादने काढली. शेजारी मफतलाल-हेक्स्टच्या ‘पॉलिओलेफिन्स’ने नळीने येणाऱ्या इथिलीनपासून जास्त घनतेचे पॉलिथिलीन बनवायला घेतले. खाडीकाठच्या भातखाचरांत आणि मिठागरांत एक औद्योगिक पट्टा उभा राहिला. आसपासच्या आगरी आणि कोळी गावांतली मुले तिथे कामाला लागली. लोखंडी बादल्या, काचेच्या बरण्या, कागदी पुड्या यांची घरातली सद्दी संपायला सुरुवात झाली ती याच काळात.

ज्या कारणाने नाफ्था स्वस्त होता, ते कारण मात्र टिकले नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले आणि तीनएक डॉलरचे पिंप जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या वर गेले. मळीवाल्यांना वाटले, आता आपले दिवस आले. अल्कोहोलचा भाव सरकारने बांधून दिलेला होता, त्यामुळे अल्कोहोलवरच्या रसायन उद्योगाला खरोखरच काही वर्षे बरी गेली. पण मधल्या काळात महाराष्ट्रातली दारूबंदी सैल झाली होती. आता मळीच्या अल्कोहोलला पिणारे गिऱ्हाईक होते, आणि पिणारा जो भाव देतो तो बादली बनवणाऱ्याला देववत नाही. त्यातून राज्य सरकारांना उत्पादन शुल्काची चटक लागली. माझ्या मते या उद्योगाच्या अल्कोहोल-पर्वाला मारले ते तेलाच्या स्पर्धेने जेवढे, तेवढेच या चटकेने.

त्याची साक्ष न्यायालयाच्या दप्तरात आहे. बरेलीची सिंथेटिक्स अँड केमिकल्स कंपनी अल्कोहोल घेऊन रबर बनवत होती, आणि उत्तर प्रदेश सरकार त्यावर शुल्क मागत होते. राज्यघटनेत ‘मादक मद्य’ हा विषय राज्यांकडे आहे. पण ज्याचे टायर होणार, ते मादक मद्य कसे? २५ ऑक्टोबर १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितले, की मादक मद्य म्हणजे पिण्याजोगे; औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांना असा कर लावता येणार नाही. कंपनी जिंकली. पण निकाल आला तेव्हा वारे फिरत होते.

तोवर तिसरा नकोसा माल समुद्रात जळत होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खणणाऱ्या रिगला बॉम्बे हायमध्ये तेल लागले आणि मे १९७६ पासून ते बाहेर येऊ लागले. तेलाबरोबर वायू येतोच. तेल बोटीने आणता येते. वायूला नळ लागतो, प्रक्रिया लागते, गिऱ्हाईक लागते. ते होईपर्यंत बराचसा वायू समुद्रावरच पेटवून दिला जाई. पुढे तो उरणला आणला जाऊ लागला. त्यातला मिथेन खताला आणि विजेला चालतो. पण त्याच्यासोबत इथेन आणि प्रोपेनही असतात, आणि इथेन हा क्रॅकरचा सर्वांत सोपा घास. नाफ्थ्यातून तिसरा हिस्सा इथिलीन मिळत असेल तर इथेनमधून चार-पंचमांशाच्या आसपास मिळते; मागे फारसे काही उरत नाही.

१९६९ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी ‘आयपीसीएल’ने बडोद्याला कोयलीच्या रिफायनरीशेजारी आधीच आपला संसार थाटला होता, १९७८ मध्ये तिथे १,३०,००० टनांचा नाफ्था क्रॅकर आला. तिने दुसरे मोठे संकुल रायगड जिल्ह्यात नागोठण्याला, अंबा नदीच्या काठी उभारले: ‘महाराष्ट्र गॅस क्रॅकर कॉम्प्लेक्स’. इथिलीनची क्षमता ३,००,००० टन, म्हणजे नोसिलच्या पाचपट. कच्चा माल उरणहून नळाने. कोकणात, रेल्वे आणि महामार्गाच्या बाजूला, डोंगरांच्या कुशीत एवढे मोठे रासायनिक संकुल येणे ही त्या काळी अभिमानाची गोष्ट होती.

आणि ५ नोव्हेंबर १९९० ला तिथे स्फोट झाला. नळातून गळालेल्या इथेन-प्रोपेनच्या ढगाने पेट घेतला आणि तीसहून अधिक माणसे गेली. भोपाळला तेव्हा सहा वर्षे व्हायची होती. भोपाळची रात्र देशाच्या स्मरणात आहे आणि असायलाच हवी. नागोठण्याची दुर्घटना रायगडबाहेर फारशी कोणाला आठवत नाही. इथिलीनसारख्या हलक्या ओलेफिनांच्या इतिहासात क्षमतांचे आकडे सगळे लिहितात, तेव्हा हाही आकडा त्यांच्या शेजारी असावा. संकुल पुढे पूर्ण झाले आणि चालत राहिले. तिथे निघणाऱ्या लिनिअर लो डेन्सिटी पॉलिथिलीनच्या जातीपासूनच ठिबक सिंचनाच्या लवचीक नळ्या होतात. म्हणजे एके काळी उसाच्या मळीतून इथिलीन निघत होते. आता इथिलीनच्या नळ्या उसाला पाणी पाजतात.

१९९१ नंतरची कथा लवकर सांगून होते. आयात शुल्क उतरत गेले आणि लहान क्रॅकरचे गणित कोलमडले. १९९७ मध्ये रिलायन्सचा हजिऱ्याचा क्रॅकर सुरू झाला, ७,५०,००० टनांचा. अशा बाजारात साठ हजार टनांच्या भट्टीने टिकायचे कसे? ट्रॉम्बेचा पहिला क्रॅकर बंद पडला, नोसिलचाही पडला. नोसिल कंपनी आज रबराला लागणारी रसायने बनवते. घणसोलीत ‘नोसिल नाका’ हे ठिकाण आहे, पण तिथली ज्योत विझून वीसएक वर्षे झाली. बरेलीचा रबर कारखानाही शतक संपता संपता बंद झाला. त्याच्या शेकडो एकर आवारात इतके रान माजले की एक वाघीण तिथे मुक्कामाला आली आणि २०२१ मध्ये वनखात्याने तिला पकडून नेले. २००२ मध्ये सरकारने हिस्सा विकून आयपीसीएलचा ताबा रिलायन्सला दिला. नागोठणे त्यातच गेले.

उरणच्या वायूतले इथेन पुढे अपुरे पडू लागले, तेव्हा पुन्हा कोणाचा तरी नकोसा माल धावून आला. या वेळी तो अमेरिकेतला. तिथे ‘शेल’ जातीच्या खडकांतून वायू काढायची लाट आली आणि त्यासोबत एवढे इथेन निघू लागले की त्याचे करायचे काय असा प्रश्न पडला. रिलायन्सने इथेन वाहण्यासाठी खास सहा जहाजे बांधून घेतली. २०१७ पासून ती टेक्सासच्या किनाऱ्यावरचे द्रवरूप इथेन गुजरातच्या दहेजला आणतात, आणि तिथून नळाने ते नागोठण्यापर्यंत येते. जामनगरला तर रिफायनरीच्या भट्ट्यांत जाळून टाकला जाणारा वायूच इथिलीनसाठी वापरात आला. बॉम्बे हायच्या जोरावर बांधलेल्या कोकणातल्या कारखान्याला आता टेक्सासचा घास लागतो. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, पण ‘स्वदेशी वायूवर आधारित’ ही त्याची जुनी ओळख मात्र पुसली गेली.

मळीचे काय झाले? १९८९ मध्ये काशीपूरला ‘इंडिया ग्लायकोल्स’ सुरू झाली, तिने मळीच्या अल्कोहोलमधून इथिलीन आणि त्यातून ग्लायकोल काढायचे काम नेटाने चालू ठेवले. २००९ मध्ये कोका-कोलाने वनस्पतीजन्य म्हणून गाजवलेल्या बाटलीत याच कंपनीचे ग्लायकोल होते. २०१० मध्ये ब्राझीलच्या ब्रास्केमने त्रिउन्फो येथे उसाच्या इथेनॉलपासून वर्षाला २,००,००० टन इथिलीन काढायला सुरुवात केली आणि जगाला ती नवी कल्पना वाटली. रिश्रा आणि बरेली कोणाला आठवणार?

भारतात मात्र इथेनॉल आता पेट्रोलमध्ये जाते. २००३ मध्ये पाच टक्क्यांपासून सुरुवात झाली, २०२५ मध्ये वीस टक्क्यांपर्यंत मजल गेली. वर्षाला हजार कोटी लिटरच्या घरात इथेनॉल त्यासाठी लागते. तेवढ्याचे इथिलीन केले तर चाळीस लाख टनांहून अधिक होईल. तेल कंपन्या ठरलेल्या भावाने ते विकत घेतात, म्हणून कारखाने साखर पुरती काढण्याआधीच बी-हेवी मळीपासून, कधी थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल करतात, आणि तेही पुरत नाही म्हणून मका आणि तांदूळ लागतो. खड्ड्यात ओतायची ती मळी राहिलेली नाही. रसायनवाला या रांगेत पेट्रोलच्या आणि दारूच्या मागे, तिसऱ्या क्रमांकावर उभा आहे.

२३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात, सिंथेटिक्स अँड केमिकल्सच्या खटल्यातला १९८९ चा निर्णय रद्द ठरवला. ‘मादक मद्या’त औद्योगिक अल्कोहोलही येते, आणि त्यावर नियमन व कर यांचा अधिकार राज्यांना आहे, असे आठ न्यायमूर्तींचे मत पडले, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचे वेगळे. ज्या कंपनीच्या नावाने पस्तीस वर्षे कायदा चालला, ती या निकालाच्या बाजूने वा विरुद्ध काही म्हणायला उरली नव्हती.